कुणी मागे राहिलं नाही

इथे रविवारीही शाळा असते.
सहाला बस नंबर चौदा फलजच्या चौकात वळायची
आणि दारात गवस आंटी,
पिवळं जॅकेट, गळ्यात शिट्टी, नावांच्या यादीला दोऱ्यानं बांधलेलं पेन.

शाळेत आम्ही उतरलो की त्या एकट्याच
थेट शेवटच्या सीटपर्यंत जायच्या,
गुडघ्यावर हात ठेवून एकेका सीटखाली वाकून बघायच्या
आणि ड्रायव्हर सईदकाकांना ओरडून सांगायच्या:
कुणी मागे राहिलं नाही.
मे महिन्यात सोहारच्या उन्हात
बंद बसमध्ये झोपून गेलेलं मूल म्हणजे काय,
हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

निनाद त्यांचाच मुलगा. सहावी ब.
बसमध्ये तो त्यांना आई म्हणायचा नाही.
ड्युटीवर मी सगळ्यांची आंटी, त्यांनीच बजावलेलं.
म्हणून हजेरीला तोही म्हणायचा, येस आंटी,
आणि यशोधनला तेवढं पुरलं.

येस आंटी, नाकातून.
येस आंटी, तान्ह्या बाळासारखं.
मग लबनचा रिकामा डबा मुद्दाम पायाखाली सोडायचा,
आंटी, कचरा!
त्या वाकायच्या, उचलायच्या.
निनाद खिडकीबाहेर खजुराची झाडं मोजायचा,
वाळवंट आलं तरी मोजतच राहायचा.

मी हसले होते. खरं तेच सांगते.
मोठ्यानं नाही. पण हसणं हजेरीसारखं असतं,
हळू दिलं तरी लागतं.

एका सोमवारी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत वर चढले.
ते रोजचं वाक्य अजून कानावर आलं नव्हतं.
आंटी मागे, खाली फरशीवर बसलेल्या,
आणि शेवटच्या सीटखाली निनाद,
दप्तर पोटाशी धरून. झोपलेला नव्हता.
चल बाळा, बेल होईल.
तेव्हा बसमध्ये पहिल्यांदा तो शब्द ऐकला:
आई, मला मागेच राहू दे.

बाटली न घेताच मी उतरले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसले.
तो खिडकीला आणखी चिकटला.
बोलायला काही सुचेना, म्हणून मीही झाडं मोजली,
माझी सदतीस झाली, त्याची एकेचाळीस.
तू वडाच्या सावलीला पण धरतोस काय, म्हटलं.
इथे वड कुठाय, म्हणाला. एवढंच.

गुरुवारी डबा घरंगळत आला.
आंटी वाकायच्या आत मी उचलला
आणि यशोधनच्या मांडीवर ठेवला. तुझा आहे.
आवाज इतका थरथरला की अर्ध्या बसला कळलंच नसेल.
पण मागून फिदा उठली, केरळची, एरवी पुस्तकातून मान न काढणारी,
आमच्या सीटशी येऊन उभी राहिली.
काही बोलली नाही. नुसती उभी.

हिंदीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहिल्या होत्या,
कुणी काय म्हटलं, कोण हसलं.
हसणाऱ्यांत माझंही नाव होतं. ते खोडलं नाही.
निनादला विचारून, त्याला घेऊनच,
आम्ही तिघं लिसी मॅडमच्या खोलीत गेलो.

यशोधन माझ्याच बिल्डिंगमधला.
लिफ्टमध्ये चार मजले गप्प होता,
दार उघडल्यावर म्हणाला, चुगलखोर.
रात्री जेवण गेलं नाही मला.
दोन आठवडे तो पुढे, ड्रायव्हरच्या मागे एकटा बसला.
त्या मानेकडे बघून मला बरं वाटायला हवं होतं.
वाटलं नाही.
काल त्याला खजूर पुढे केला. घेतला नाही.
उद्या परत करीन.

निनाद अजूनही बसमध्ये आई म्हणत नाही.
येस आंटी म्हणतो, सरळ, त्याच्या नेहमीच्या आवाजात.
मी मात्र आता सगळ्यांत शेवटी उतरते.
डावीकडच्या सीटा मी वाकून बघते, उजवीकडच्या त्या.
मागे पोचलो की आंटी माझ्याकडे बघतात,
मी मान हलवते,
मगच त्या सईदकाकांना ओरडून सांगतात.